तक्त्यातला आकडा आणि त्याची उपाधी : एका छोट्या काडतुसाचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला काडतुसांशी काय देणंघेणं? आम्ही बंदूक चालवत नाही, शिकारीचाही शौक नाही. आम्हाला रस आहे तो एका जुन्याच प्रश्नात. छापलेला आकडा खरा आहे, असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? आणि दोन जाणत्या, प्रामाणिक माणसांनी एकाच गोष्टीचे दोन वेगळे आकडे छापले, तर विश्वास कोणावर ठेवायचा? हा प्रश्न वर्गात विचारला तर तासभर चर्चा होते, आणि घंटा झाली की मुलं चहाला जातात. काडतुसाच्या बाबतीत तसं होत नाही. तिथे आकड्याचा अर्थ चुकला, तर बंदूक हातातच फुटू शकते. म्हणून हे उदाहरण.

आधी थोडी ओळख करून घेऊ. काडतुसात चार वस्तू असतात. पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाला ठोकर बसली की पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. इथे दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची दारू. बार उडाल्यावर दारू जळून जाते, गोळी निघून जाते, टोपी निकामी होते, पण पितळेचं नळकांडं शिल्लक राहतं, आणि चौघांत तेच बहुधा सगळ्यांत महाग असतं. तेव्हा ते टाकून कशाला द्यायचं? साफ करावं, पुन्हा मापात आणावं, नवी टोपी बसवावी, मोजून दारू घालावी आणि नवी गोळी बसवावी. अमेरिकेत हा उद्योग लाखो माणसं घरच्या गॅरेजमध्ये करतात. सुरुवातीला पैसे वाचावेत म्हणून केला, पुढे नेम अधिक अचूक लागतो म्हणून केला. आपल्याकडे हा छंद जवळजवळ नाहीच, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवण्यालाच परवाना लागतो.

आता घरी दारू भरायची, तर किती भरायची? हे सांगणारी पुस्तकं असतात. त्यांना आपण भरणीचे तक्ते म्हणू. या तक्त्यांना मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कनेटिकट राज्यात जॉन बार्लो यांची आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काडतुसं भरायची हत्यारं विकत असे, आणि सोबत माहितीची छोटी पुस्तकं छापत असे. १९२५ साली ती कंपनी लायमन या कंपनीने घेतली आणि पुस्तकांची परंपरा पुढे चालू राहिली. १९३७ मध्ये फिलिप शार्प यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ आला. मग दुसरं महायुद्ध संपलं, आणि सैन्याकडे दारूचे डोंगर उरले. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन यांनी ती शिल्लक दारू विकत घेऊन सामान्य माणसाला किरकोळीने विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास गोळ्या बनवणारे नवे कारखाने निघाले. स्पीअर, सिएरा, हॉर्नेडी ही त्यांतली मोठी नावं. प्रत्येकाने आपापलं तक्त्यांचं पुस्तक काढलं. दारू विकणाऱ्याने आपल्या दारूचं काढलं, गोळी विकणाऱ्याने आपल्या गोळीचं.

इथे कोडं सुरू होतं. अशी चार पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवा. काडतूस तेच निवडा, आजच्या व्याख्यानाचा नायक, .२२३ रेमिंग्टन. म्हणजे इंचाच्या पावभागाहूनही बारीक गोळीचं, छोटं काडतूस. गोळी त्याच वजनाची निवडा, ५५ ग्रेन. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराची गुंज डोळ्यांसमोर आणा, तिच्या साधारण निम्मा. दारूही त्याच नावाची घ्या. आणि आता बघा, जास्तीत जास्त किती दारू घालावी याचे चारही आकडे सारखे निघत नाहीत. कुठे अर्ध्या ग्रेनचा फरक, कुठे एक ग्रेनचा, क्वचित त्याहून जास्त. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाचं काय? पण या नळकांड्यात एकूण दारूच साधारण पंचवीस ग्रेनच्या आसपास मावते. म्हणजे एक ग्रेन हा शंभरातला चार भाग झाला. आणि दारू चार टक्क्यांनी वाढली तर आतला दाब चारच टक्क्यांनी वाढतो असं नाही. तो त्याहून जास्त वाढतो.

आता नवशिका मनुष्य काय निष्कर्ष काढतो? दोन निष्कर्ष फार लोकप्रिय आहेत. पहिला, की चारांतलं एक पुस्तक बरोबर आणि तीन चूक. दुसरा, की कंपन्यांचे वकील घाबरट असतात, त्यांनी आकडे मुद्दाम खाली आणले आहेत, तेव्हा जुन्या पुस्तकातला मोठा आकडाच खरा. दोन्ही निष्कर्षांत एक गृहीत लपलेलं आहे. ते गृहीत असं, की 'या काडतुसाची खरी कमाल भरणी' अशी एक वस्तू जगात कुठेतरी आहे, आणि चारही पुस्तकं तिचंच वर्णन करत आहेत. आमचं म्हणणं असं आहे, की अशी वस्तू नाहीच.

प्रत्येक पुस्तकात काय घडलेलं असतं ते बघा. एका प्रयोगशाळेने एक ठरावीक चाचणी-नळी घेतली. तिची लांबी कोणी २४ इंच ठेवतं, कोणी २० इंच. नळीतली काडतूस बसायची जागा, जिला चेंबर म्हणतात, ती कोणी प्रमाणात बसेल इतकी घट्ट कोरून घेतं, तर कोणी बाजारातली तयार रायफलच वापरतं. पितळेची जाडी कारखान्यागणिक बदलते, आणि जाड पितळ म्हणजे आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच दारूला दाब जास्त. टोप्यांत सौम्य आणि कडक असे प्रकार असतात. ५५ ग्रेनच्या दोन गोळ्या वजनाने सारख्या असल्या तरी एकीचं तांब्याचं आवरण मऊ असेल, दुसरीचं कडक. एकीचा नळीला घासणारा भाग लांब असेल, दुसरीचा आखूड. गोळी नळकांड्यात किती खोल बसवली, हा वेगळाच मुद्दा. दारूच्याही प्रत्येक घाणीत, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालात, थोडा फरक राहतोच. वर हवेचं तापमान आहेच. या सगळ्या अटी जुळवून त्या प्रयोगशाळेने एक विधान केलं, की इतकी दारू घातली तेव्हा इतका दाब आला, इतका वेग आला. हे विधान खरं आहे. दुसऱ्या पुस्तकाचं विधानही खरं आहे. दोघांच्या अटी निराळ्या आहेत, एवढंच.

आमच्या न्यायदर्शनात यासाठी एक अचूक शब्द आहे. तो म्हणजे उपाधी. हल्ली उपाधी म्हटलं की नावापुढची पदवी आठवते, पण नैयायिकांचा अर्थ वेगळा आहे. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. जिथे धूर तिथे अग्नी, हे बिनशर्त खरं. पण उलटं करून बघा, जिथे अग्नी तिथे धूर. हे नेहमी खरं नसतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर केव्हा येतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. ओल्या सरपणाशी संयोग ही झाली उपाधी, म्हणजे विधानाच्या पोटात दडलेली अट. ज्याने चुलीपाशी बसून फक्त ओली लाकडंच पाहिली, त्याला ही अट कधी दिसतच नाही. त्याला वाटतं, धूर हा अग्नीचाच स्वभाव. भरणीच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा असा सोपाधिक आहे. दोन तक्त्यांची तुलना करायची म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी करायची नाही. दोघांच्या उपाध्या शोधून समोरासमोर ठेवायच्या.

काही उपाध्या पुस्तकातच छापलेल्या असतात. नळीची लांबी, टोपीचं नाव, नळकांड्याचा कारखाना. बरेच वाचक त्या ओळी ओलांडून थेट आकड्यावर जातात, तो भाग वेगळा. पण एक उपाधी अशी आहे की ती सुमारे शंभर वर्षं जाणकारांच्याही नजरेतून निसटली. ती दाबाच्या एककातच लपली होती. तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

गोळीचा वेग प्रथम नीट मोजला तो इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी. १७४२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्यांची युक्ती साधी होती. टांगलेल्या जड लोलकावर गोळी झाडायची आणि लोलक किती झुलला यावरून वेग काढायचा. हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांची डागडुजी करायला हिंदुस्थानात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. तोफांच्या शास्त्राचा हा आद्य पुरुष आपल्याच मातीत विसावला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पण वेग मोजणं सोपं, दाब मोजणं अवघड. नळीच्या आत, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता जो दाब उसळतो तो कसा पकडायचा? १८६० च्या दशकात अँड्र्यू नोबल या स्कॉटिश तोफतज्ज्ञाने उपाय काढला. नळीला एक भोक पाडायचं, त्यात एक दट्ट्या बसवायचा आणि दट्ट्याच्या डोक्यावर तांब्याची छोटी लाट ठेवायची. बार झाला की दट्ट्या वर दाबला जातो आणि तांबं चेपतं. किती चेपलं ते मोजायचं, आणि आधी संथपणे वजन ठेवून बनवलेल्या कोष्टकाशी ताडून बघायचं. मिळालेल्या आकड्याला इतके पौंड दर चौरस इंचाला असं म्हणायचे.

यातली गोम लक्षात आली का? कोष्टक संथ वजनावर बनवलेलं, आणि मोजायचा आहे तो क्षणार्धाचा झटका. तांब्याला चेपायलाही वेळ लागतो. ते पूर्ण चेपण्याच्या आत दाबाचं शिखर येऊन गेलेलं असतं. म्हणजे तांबं दाबाचं शिखर सांगतच नाही, ते शिखर आणि त्याचा कालावधी यांची एक मिसळ सांगतं. पुढे दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचे मापक आले. पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू जॅक यांनी १८८० साली शोधलेला हा गुण. या मापकाने दाबाचा सबंध आलेख दिसू लागला, आणि तांब्याचे आकडे खोटे नाहीत पण वेगळ्या गोष्टीचे आहेत, हे उघड झालं. मग अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या संस्थेने, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या 'सामी'ने, दोन नावं अलग केली. तांब्याच्या मापाला सी.यू.पी., म्हणजे ताम्र-एकक म्हणायचं, आणि स्फटिकाच्या मापालाच पी.एस.आय., म्हणजे खरे पौंड दर चौरस इंच.

आता गंमत बघा. सामीच्या मानकात .२२३ रेमिंग्टनची कमाल मर्यादा ५२,००० ताम्र-एकक आहे, आणि स्फटिकावर तीच ५५,००० पी.एस.आय. म्हणजे फरक तीन हजारांचा. मग कोणी म्हणेल, ठीक आहे, ताम्र-एककात तीन हजार मिळवले की झालं. पण .३०८ विंचेस्टर हे मोठं काडतूस घ्या. त्याचीही मर्यादा ५२,००० ताम्र-एककच, आणि स्फटिकावर मात्र ६२,००० पी.एस.आय. तांब्यावर दोघांचा आकडा एकच, स्फटिकावर सात हजारांचं अंतर! सोनाराचा तोळा आणि ग्रॅम यांचं जसं पक्कं नातं असतं, तसं या दोन मापांत नाहीच. दारूच्या जळण्याची लय बदलली की नातं बदलतं. आजही एकाच दारूविक्रेत्याच्या तक्त्यात काही ओळी ताम्र-एककात आणि काही पी.एस.आय.मध्ये दिसतात, कारण सगळे प्रयोग पुन्हा करणं खर्चाचं आहे. त्या दोन ओळींची तुलना करणारा मनुष्य कोस आणि प्रहर यांची तुलना करत असतो.

आणि एवढ्यावर संपत नाही. युरोपात सी.आय.पी. नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९१४ पासूनची. तीही स्फटिकच वापरते. तिच्या मानकात याच काडतुसाची मर्यादा ४,३०० बार, म्हणजे सुमारे ६२,३६६ पी.एस.आय. अमेरिकेत ५५,०००, युरोपात ६२,०००. युरोपियन बंदुका जास्त मजबूत असतात का? तसं नाही. सामीच्या पद्धतीत मापक नळकांड्याच्या भिंतीला बाहेरून टेकवलेला असतो, दाब पितळातून त्याच्यापर्यंत पोचतो. सी.आय.पी.च्या पद्धतीत नळकांड्यालाच भोक पाडून मापकाला थेट वायूची गाठ घालून देतात. 'नाटो'च्या लष्करी पद्धतीत मापक नळकांड्याच्या तोंडाशी बसतो. जागा बदलली, वाट बदलली, आकडा बदलला. या एका काडतुसाबद्दल जगभर एक वाद चालतो, की लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतूस बासष्ट हजारांचं आणि नागरी .२२३ पंचावन्न हजारांचं, म्हणून लष्करी काडतूस कितीतरी जास्त जालीम. दोघांत फरक आहे, तो नाकारायचा नाही. लष्करी चेंबरच्या पुढचा, गोळी सुटून खाचांत शिरण्याआधीचा भाग लांब असतो, म्हणून लष्करी काडतूस नागरी चेंबरमध्ये वापरू नये असं सामी स्वतः बजावते, आणि ते ऐकावं. पण बासष्टमधून पंचावन्न वजा करून जी सात हजारांची 'जास्तीची ताकद' काढतात, ती बव्हंशी मापकाच्या जागेची करामत आहे.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हा हौशी लोकांचा वाद. त्यात कोणाचं काय जातंय? आता जे सांगणार आहोत, त्यात माणसांचे जीव गेले. आणि ते याच काडतुसाच्या इतिहासात घडलं.

१९५७ च्या सुमारास अमेरिकन सैन्याला हलक्या गोळीची हलकी रायफल हवी होती. अट अशी, की ५०० यार्डांवर गोळीने सैनिकाचं पोलादी शिरस्त्राण भेदलं पाहिजे आणि तिथेही तिचा वेग ध्वनीपेक्षा जास्त हवा. आर्मालाइट कंपनीचे रायफल-रचनाकार युजीन स्टोनर कामाला लागले. त्यांच्या जोडीला होते रॉबर्ट हटन, कॅलिफोर्नियातले बंदूकविषयक मासिकाचे तांत्रिक संपादक. हटन यांनी काय केलं? स्पीअर कंपनीने हौशी लोकांसाठी छापलेलं गणनेचं साधन घेतलं आणि हिशेब केला, की ५५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला ३,३०० फूट वेगाने निघाली पाहिजे. मग १९५० साली आलेलं .२२२ रेमिंग्टन हे काडतूस घेऊन त्यात बाजारात मिळणाऱ्या वेगवेगळ्या दारू भरून बघितल्या. शिरस्त्राण भेदलं गेलं, पण दाब फार वाढला. म्हणून नळकांडं थोडं लांब केलं, आत जागा वाढवली, आणि त्यातून आजचं .२२३ जन्माला आलं. जगातल्या कित्येक सैन्यांचं काडतूस एका अर्थाने असं हौशी भरणीवाल्याच्या टेबलावर जन्मलेलं आहे.

सैन्याने हे काडतूस घेतलं तेव्हा कागदावर मुख्य आकडे दोन होते. वेग सेकंदाला ३,२५० फूट, आणि दाबाची कमाल मर्यादा ५२,०००. या बावन्न हजारांपुढे त्या काळच्या रिवाजाने पी.एस.आय. असंच लिहिलं जाई, जरी माप तांब्याचं होतं. मूळ काम ड्यूपाँ कंपनीच्या आय.एम.आर. ४४७५ नावाच्या दारूवर झालं होतं. पण लाखोंच्या संख्येने उत्पादन सुरू करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक घाणीत हा वेग गाठायचा तर दाब मर्यादेला भिडतो, कधी ओलांडतो. १९६४ मध्ये दुसऱ्या दारूंना मंजुरी मिळाली. त्यांतली महत्त्वाची ओलिन कंपनीची डब्ल्यू.सी. ८४६, बारीक गोल दाण्यांची. तक्त्यात ती चोख बसली. वेग हवा तेवढा, दाब मर्यादेत. दोन्ही रकाने जुळले, शिक्का बसला.

पण या रायफलीचं यंत्र चालतं ते नळीच्या पुढच्या भागातल्या एका बारीक छिद्रातून मागे येणाऱ्या वायूवर. तिथला दाब किती, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. नव्या दारूचं शिखर तेवढंच, पण ती जळते जास्त सावकाश, त्यामुळे छिद्रापाशी वायू पोचतो तेव्हा त्याचा दाब जुन्या दारूपेक्षा जास्त असतो. परिणाम असा की यंत्र जास्त जोरात पळू लागलं. मिनिटाला ८५० फैरींची कमाल ठरलेली होती, ती अनेक रायफली ओलांडू लागल्या. नळकांडं चेंबरमध्ये अजून घट्ट चिकटलेलं असतानाच त्याला ओढून काढायचा प्रयत्न व्हायचा, आणि ते अडकायचं. शिवाय या दारूत आम्लता मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असे, त्याची पुटं यंत्रात साचत. पुटं किती बसतात, हाही रकाना नव्हता. रायफल बनवणाऱ्या कोल्ट कंपनीने कळवलं, की या दारूवर आम्हाला फैरींची मर्यादा पाळता येत नाही. तेव्हा त्यांना, ज्या दारूवर ती पाळता येते त्या दारूने स्वीकृतीच्या चाचण्या घ्यायची मुभा दिली गेली. म्हणजे कारखान्यात परीक्षा एका दारूवर, आणि व्हिएतनामच्या जंगलात लढाई दुसऱ्या दारूवर.

न्यायाने बोलायचं तर सगळा दोष दारूचा नव्हता. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्या दमट हवेत तो गंजायचा. रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरवला होता, आणि सफाईचं सामान पुरेसं पोचतच नव्हतं. सगळं एकत्र आलं. सैनिकांची घरी आलेली पत्रं वर्तमानपत्रांत छापली गेली, अमेरिकन काँग्रेसमध्ये वाचली गेली. अडकलेल्या रायफलीपाशी मरून पडलेल्या पोरांच्या त्या कहाण्या होत्या. १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय उपसमितीने चौकशी केली आणि दारूबदलाच्या निर्णयावर अतिशय कडक ताशेरे ओढले. पुढे चेंबरला क्रोम आलं, यंत्राची गती आवरणारा नवा भाग आला, दारूतला चुना कमी केला, सैनिकांसाठी विल आइस्नर या नामवंत चित्रकाराकडून चित्रकथेच्या रूपातली सफाईची पुस्तिका काढून घेतली. रायफल सुधारली. गेलेली पोरं परत आली नाहीत.

या प्रकरणाकडे लोक सहसा लाचलुचपत किंवा आळशीपणा म्हणून पाहतात. काही प्रमाणात असेलही. पण आम्हाला त्यात दिसते ती शुद्ध तर्कदोषाची गोष्ट. दोन दारूंची तुलना दोन रकान्यांवर केली, रकाने जुळले, म्हणून दारू 'सारख्या' ठरवल्या. पण जुनी दारू चालत होती ती वेग आणि दाब एवढ्याचमुळे नव्हे. तिच्या जळण्याची लय त्या छिद्राशी जुळलेली होती, म्हणूनही. ही होती ओल्या सरपणाची अट. ती कोणी लिहून ठेवली नव्हती, कारण दारू बदलेपर्यंत ती कोणाला दिसलीच नव्हती. उपाधी नेहमी अशीच दिसते, ती निघून गेल्यावर.

हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. आपल्या सैन्याची इन्सास रायफल याच ५.५६ मिलिमीटर काडतुसाची. ती पुण्यातल्या पाषाणच्या ए.आर.डी.ई. या संशोधन संस्थेत आखली गेली, आणि तिची काडतुसं भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात. मापाची, नळीची, दारूच्या घाणीची काळजी आपल्याही माणसांना रोज घ्यावी लागते.

मग शहाणा भरणीवाला तक्त्यांची तुलना करतो तरी कशी? त्या लोकांच्या वागण्यात आम्हाला एक मुरलेलं शहाणपण दिसतं. तो एका पुस्तकावर थांबत नाही, दोन-तीन बघतो. पण त्यांची सरासरी काढत नाही. दोन वेगळ्या अटींखालच्या खऱ्या विधानांची सरासरी ही कोणत्याच अटीखाली खरी नसते. तो आधी नळी, टोपी, नळकांडं, गोळी यांच्या ओळी वाचतो, आणि आपल्या हातातल्या वस्तूंशी कोणतं पुस्तक सर्वांत जवळचं आहे ते ठरवतो. दाबाचं एकक कोणतं आहे ते बघतो. आकडे जुळत नसले तर कमी आकड्याला मान देतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, कमाल आकड्यावर उडी मारत नाही. सर्वसाधारण प्रघात सुमारे दहा टक्के खालून सुरुवात करायचा आहे. तिथून थोडं थोडं वर जायचं आणि प्रत्येक पायरीवर पितळ काय सांगतं, टोपी काय सांगते, वेगमापक काय सांगतो ते बघायचं. दारूचा नवा डबा उघडला, तर पुन्हा खालून सुरुवात. वेगमापक एकेकाळी फक्त कारखान्यांकडे असायचा. टेक्सासच्या केन ओहलर यांच्यासारख्यांनी तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला, तेव्हा पुस्तकातला वेग आपल्या रायफलीत मिळत नाही, हे हजारो लोकांना प्रथमच कळलं. काही संतापले. जे शहाणे होते ते म्हणाले, बरोबरच आहे, पुस्तकातली नळी आपल्याहून चार इंच लांब होती.

म्हणजे हा मनुष्य शब्दप्रमाण नाकारत नाही. पुस्तकाशिवाय प्रयोग करणं हा मूर्खपणा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण शब्दप्रमाण घेताना तो बोलणारा कोण, कुठे उभा राहून बोलतोय, कशाबद्दल बोलतोय हे विचारतो, आणि मग प्रत्यक्षाशी पायरी-पायरीने ताडून बघतो. आप्तवाक्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असं नाही, हे गॅरेजमधल्या त्या माणसाला कोणत्याही दर्शनाचं नाव न ऐकता समजलेलं असतं.

तुमच्यापैकी कोणी काडतूस भरणार नाही. पण रक्ततपासणीचा अहवाल प्रत्येकाच्या हातात येतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे वेगळे आले की आपण घाबरतो, नाहीतर एकीला खोटं ठरवतो. अहवालाच्या कडेला बारीक अक्षरात पद्धतीचं नाव आणि त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा छापलेली असते, तिच्याकडे किती जण बघतात? गाडीच्या मायलेजचं तेच, बियाण्याच्या पाकिटावरच्या उत्पन्नाचं तेच. आकडा मोठ्या टाइपात असतो आणि अट बारीक टाइपात. आमची विनंती एवढीच, की यापुढे आधी बारीक टाइप वाचा. आणि दोन रकाने जुळले म्हणून दोन गोष्टी सारख्या आहेत असं कोणी सांगू लागलं, तर त्याला विचारा, की बाबा रे, तिसरा रकाना कुठे आहे?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.